वाढत्या अंगाचं घर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, मराठीतली जुनी मापं एका दमात आठवून पाहा. बोट, चिमूट, मूठ, पसा, वीत, हात, वाव, पुरुष. दुधावर बोटभर साय, पोटाची वीतभर खळगी, हातभर लांब काकडी, विहिरीत दोन पुरुष पाणी. फुटाची पट्टी आपल्याकडे येण्याआधी माणूस स्वतःच मोजपट्टी होता. जग मोजायचं तर ते आपल्या अंगाने मोजायचं, ही साधी रीत होती.

या रीतीत एक अडचण होती. प्रत्येकाचा हात वेगळा. कापड विकणाऱ्याचा हात आखूड आणि घेणाऱ्याचा लांब असला की भांडण ठरलेलं. म्हणून सगळ्यांसाठी एकच माप हवं, हा विचार पुढे आला. आपल्या देशात १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धत आली आणि हात-वीत बोलण्यापुरती उरली. व्यवहाराच्या दृष्टीने हे चांगलंच झालं. पण एक गोष्ट आपल्या ध्यानात आली नाही. घराच्या मापांतून माणसाचं अंग गेलं नाही, ते फक्त आकड्यांच्या मागे लपलं. दाराची उंची, पायरीची उंची, ओट्याची उंची, कठड्याची उंची, लिफ्टवर लिहिलेलं वजन, या प्रत्येक आकड्याच्या मागे कुणीतरी एक माणूस उभा आहे. तो किती उंच, किती रुंद, किती वयाचा, पुरुष की बाई, हे आपण विचारत नाही. आज मला तेच विचारायचं आहे. मी इंजिनिअर नाही, कवी आहे. पण मात्रा मोजण्याची सवय लागलेला माणूस जिना चढतानाही मोजतो. त्या सवयीतूनच या विषयाचा नाद लागला.

जिन्यापासूनच सुरुवात करू. आपण पायऱ्या न बघता चढतो. पाय आपोआप पडतो, कारण तिथे आधीच एक हिशेब करून ठेवलेला आहे. फ्रान्समध्ये सतराव्या शतकात फ्रान्स्वा ब्लोंडेल नावाचा वास्तुतज्ज्ञ होता. १६७५ च्या सुमारास त्याने एक सूत्र मांडलं. सपाटीवर चालताना माणसाचं पाऊल साधारण २४ इंचांवर पडतं. वर चढायला दुप्पट श्रम पडतात. म्हणून पायरीच्या उंचीची दुप्पट आणि पाऊल ठेवायच्या जागेची रुंदी, यांची बेरीज २४ इंच यावी. पायरी ७ इंच उंच असेल तर पाऊल ठेवायला १० इंच जागा हवी. सात दुणे चौदा, अधिक दहा, चोवीस. ब्लोंडेलचा फ्रेंच इंच आपल्या इंचापेक्षा थोडा मोठा होता, म्हणून त्याची बेरीज सुमारे ६५ सेंटिमीटर भरते. पण सूत्र तेच. साडेतीनशे वर्षं झाली, तरी ते अजून शिकवलं जातं.

इमारतीची मानकं तयार होतात ती अशी. कुणीतरी माणसाचं अंग पाहतो, त्यातून आकडा काढतो, आकडा पुस्तकात जातो, पुस्तकातून नियमात आणि नियमातून गवंड्याच्या हातात. जर्मनीत १९३६ साली एर्न्स्ट नॉयफर्ट याने असं एक मोठं पुस्तक केलं. उभ्या माणसाला, बसलेल्या माणसाला, सामान उचललेल्या माणसाला किती जागा लागते, याची त्यात शेकडो रेखाचित्रं होती. जगभरातल्या आर्किटेक्टच्या टेबलावर ते पुस्तक गेलं, आणि नवनव्या आवृत्त्यांतून आजही आहे.

आकड्यामागचा माणूस कसा निवडला जातो, याची एक मजेदार हकिगत आहे. चंडीगडची आखणी करणारा ल कॉर्ब्युझिए आपल्याला ठाऊक आहे. त्याने १९४० च्या दशकात माणसाच्या अंगावरून मापांची एक पद्धत बसवली. तिचं नाव मॉड्युलर. सुरुवातीला त्याने माणूस धरला १ मीटर ७५ सेंटिमीटर उंचीचा, म्हणजे फ्रेंच पुरुष. पण गणित फूट-इंचांत नीट बसेना. तेव्हा सहा फुटी माणूस धरावा असं त्याच्या सहकाऱ्याने सुचवलं. का, तर इंग्रजी रहस्यकथांमधले देखणे पुरुष, पोलीस वगैरे, नेहमी सहा फूट उंच असतात! अशा रीतीने १८३ सेंटिमीटरचा माणूस ठरला. हात वर केला की त्याची बोटं २ मीटर २६ सेंटिमीटरवर पोचतात. मार्सेय शहरातल्या त्याच्या प्रसिद्ध निवासी इमारतीत घरांच्या छताची उंची नेमकी तेवढी आहे. ही मापपद्धत घेऊन तो चंडीगडला आला आणि तिथल्या कॅपिटॉल संकुलात ती वापरली. पंजाबात उंच माणसं कमी नाहीत. पण रहस्यकथेतला इंग्रज पोलीस आणि चंडीगडच्या कचेरीत फाईल घेऊन जाणारी कारकून बाई, यांच्या अंगाचा मेळ कसा बसावा?

यावर कुणी म्हणेल, मग सरासरी माणूस धरा. ऐकायला बरोबर वाटतं. पण सरासरी माणूस नावाचा प्राणी अस्तित्वातच नाही, हे एका अमेरिकन लेफ्टनंटने दाखवून दिलं. गिल्बर्ट डॅनियल्स त्याचं नाव. विमानाच्या खुर्च्या वैमानिकांना नीट बसेनात, म्हणून अमेरिकी हवाई दलाने चार हजारांहून अधिक वैमानिकांची मापं घेतली होती. उंची, छाती, बाही, मांडी वगैरे दहा मापं डॅनियल्सने निवडली आणि शोधलं, की दहाही मापांत सरासरीच्या आसपास बसणारे किती? ४०६३ वैमानिकांत असा एकही निघाला नाही. ही १९५२ ची गोष्ट. त्यानंतर हलवता येणाऱ्या खुर्च्या आणि मागेपुढे होणारी पेडल्स यांवर भर आला.

हे डॅनियल्सच्या आधीपासून ज्यांना माहीत होतं, अशी एक जमात आहे. शिंप्यांची. माझे मामू तालुक्याच्या गावी शिवणकाम करत. त्यांच्या दुकानात लाल कापडी बांधणीच्या मापवह्या होत्या. गिऱ्हाइकाचं नाव आणि त्यापुढे आठ-दहा आकडे. ते सांगत, की दोन माणसांची छाती एक असेल, पण खांदे एक असतीलच असं नाही. शाळा सुरू होण्याच्या दिवसांत आयाबाया पोरांना घेऊन येत आणि एकच वाक्य म्हणत, "भाईजान, वाढत्या अंगाचं शिवा." मग मामू शिवणीत आतून दोन बोटं कापड दाबून ठेवत. पोर वाढलं की शिवण उसवायची आणि कापड मोकळं करायचं. एका सदऱ्याला तीन वर्षं निघत. शिंपी माणसाला समोर उभं करून माप घेतो, आणि वर पुढच्या वाढीचीही सोय ठेवतो. इमारत बांधणारा माप घेत नाही. तो पुस्तकातल्या माणसाचं माप वापरतो. तो पुस्तकातला माणूस जर पन्नास वर्षांपूर्वीचा असेल तर?

कारण श्रोतेहो, माणसाचं अंग पिढीगणिक बदलतं. याचं ठळक उदाहरण नेदरलँडचं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला डच तरुण सरासरी १६५ सेंटिमीटरच्या आसपास होते. युरोपात ते बुटक्यांत गणले जात. मग स्वच्छ पाणी आलं, दूध-चीज आणि मांस मुबलक झालं, लहान मुलांचे आजार कमी झाले, संपत्ती वाढली आणि ती बऱ्यापैकी वाटलीही गेली. दीडशे वर्षांत तिथला पुरुष सरासरी १८३ सेंटिमीटरवर गेला, म्हणजे जगात सगळ्यांत उंच. आपल्या भाषेत बोलायचं तर एक वीतभर वाढला. आणि मग दाराच्या चौकटीला कपाळं लागू लागली. तिथल्या इमारत नियमांत दाराची किमान उंची २ मीटर १० सेंटिमीटर होती आणि खोलीची २ मीटर ४०. २००३ च्या नियमावलीने नव्या घरांसाठी दार २ मीटर ३० केलं आणि खोली २ मीटर ६०. सरकारने कायदा करून उंबरठ्यावरची चौकट वीतभर वर सरकवली.

वीस सेंटिमीटर ऐकायला थोडे वाटतात. पण घरात एक माप हललं की दहा मापं हलतात. मजला वीस सेंटिमीटरने उंच झाला की जिन्याला एक पायरी जास्त लागते. ती पायरी खाली जमिनीवर आणखी पाऊलभर जागा खाते. भिंतीला विटा जास्त, नळाला पाइप जास्त. थंड मुलखात खोली गरम ठेवायला इंधन जास्त, कारण खोलीतली हवाच आठ टक्क्यांनी वाढलेली असते. म्हणून मानक बदलणं ही खर्चाची गोष्ट आहे, आणि म्हणूनच बदलाला वेळ लागतो.

या गोष्टीला आणखी एक वळण आहे. २०२१ साली नेदरलँडच्या सांख्यिकी खात्याने सांगितलं, की २००१ मध्ये जन्मलेले डच पुरुष १९८० मध्ये जन्मलेल्यांपेक्षा सरासरी एक सेंटिमीटरने कमी उंच आहेत, आणि बाया जवळपास दीड सेंटिमीटरने. बाहेरून आलेल्या लोकांमुळे सरासरी थोडी बदलली, हे एक कारण. पण ज्यांचे आईबाप तिथलेच, त्या मुलग्यांचीही वाढ थांबलेली आढळली. म्हणजे अंग फक्त वाढतं असं नाही, ते थांबतं, उतरतंही. तेव्हा मानक एकदा वाढवलं की काम संपलं, असं नव्हे. पुन्हा पुन्हा मोजत राहावं लागतं.

आता आपल्या घरी येऊ. गेल्या शंभर वर्षांत दक्षिण कोरियाच्या बाया सरासरी वीस सेंटिमीटरने उंच झाल्या. जगात सर्वांत जास्त. त्याच शंभर वर्षांत भारतातल्या बाया सुमारे पाच सेंटिमीटरने वाढल्या आणि पुरुष तीन. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासातले हे आकडे आहेत. म्हणजे आपल्याकडे दाराची चौकट उंच करायची घाई नाही. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या खोलीची किमान उंची २ मीटर ७५ सेंटिमीटर आहे, ती हवेसाठी आणि पंख्यासाठी. आपला प्रश्न उंचीचा नाही, वेगळा आहे.

आपल्याकडे एकाच वेळी दोन उलट गोष्टी चालू आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या आकड्यांप्रमाणे २०१५-१६ मध्ये वजन जास्त असलेल्या बायांचं प्रमाण २०.६ टक्के होतं, २०१९-२१ मध्ये ते २४ झालं. पुरुषांचं १८.९ वरून २२.९ झालं. चार वर्षांत शंभरामागे चार माणसांची भर पडली. दुसरीकडे, याच पाहण्यांवर आधारलेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की गरीब घरांतल्या आणि आदिवासी समाजातल्या तरुण मुलींची सरासरी उंची २००५ ते २०१५ या दहा वर्षांत घटली, तर सुखवस्तू घरांतल्या मुलींची किंचित वाढली. मामूंच्या मापवहीत गिऱ्हाइकाचं पोटपाणी कसं चाललंय हे दिसे. तसंच देशाच्या मापवहीत देशाचा न्याय-अन्याय दिसतो.

मग बदललेल्या अंगाचा इमारतीशी संबंध कुठे येतो? पहिली जागा लिफ्ट. लिफ्टमधली छोटी पाटी आपण रोज पाहतो. 'सहा माणसं, ४०८ किलो.' भागाकार करा. माणशी ६८ किलो. म्हणजे जुने दीडशे पौंड. आपल्याकडे वर्षानुवर्षं बसवलेल्या लिफ्टचा हिशेब हाच. चार माणसं २७२, आठ माणसं ५४४, दहा माणसं ६८०. युरोपात माणशी ७५ किलो धरतात. आपल्या आहारतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संस्थेनेही २०२० साली नमुन्याच्या भारतीय पुरुषाचं वजन ६० वरून ६५ किलो केलं. त्यात पाठीवर लॅपटॉपची पिशवी आणि हातात भाजी धरा. पाटीवर सहा माणसं लिहिलेली असतात, पण पाचवा आत शिरतानाच सगळे श्वास आत घेतात. आधुनिक लिफ्टला जादा वजनाची घंटी असते, ती वाजते आणि दार मिटत नाही. म्हणजे जीव वाचतो, पण गर्दीच्या वेळी लिफ्ट जेवढी माणसं नेईल असं कागदावर धरलेलं असतं, तेवढी ती प्रत्यक्षात नेत नाही.

जिथे अशी घंटी नसते तिथे काय होतं, याचं उदाहरण इमारतीतलं नाही, पाण्यावरचं आहे. अमेरिकेत बाल्टिमोरच्या बंदरात ६ मार्च २००४ रोजी एक लहान प्रवासी नौका वादळी वाऱ्यात उलटली. पाच जणांचा जीव गेला. चौकशीत निघालं, की नौकेची क्षमता ठरवताना सरासरी माणसाचं वजन १४० पौंड, म्हणजे साधारण ६३ किलो धरलं होतं. प्रत्यक्षातली माणसं त्याहून बरीच वजनदार होती. माणसं मोजून बरोबर होती, माणसाचं माप जुनं होतं. पुढे २०११ साली तिथल्या तटरक्षक दलाने हा आकडा १८५ पौंड, म्हणजे सुमारे ८४ किलो केला.

दुसरी जागा जिना. आग लागली की लिफ्ट बंद आणि सगळा भार जिन्यावर. विसाव्या शतकात अमेरिकेतल्या नियमांनी एका माणसाला बाहेर पडायला २२ इंच रुंदी धरली. हा आकडा आला सैनिकाच्या खांद्यांवरून. आपल्या संहितेतही बरीच वर्षं हेच माप ५०० मिलिमीटर म्हणून होतं. दोन माणसं शेजारी-शेजारी उतरायची तर ४४ इंच. न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्राच्या प्रत्येक मनोऱ्यात तीन जिने होते, त्यांतले दोन नेमके ४४ इंचांचे. ११ सप्टेंबर २००१ रोजी लोक खाली उतरत होते आणि अग्निशमन दलाचे जवान अवजड सामान घेऊन त्याच जिन्यांनी वर चढत होते. सैनिकाच्या खांद्यावर बेतलेला जिना तिथे अपुरा पडला. माणूस जिना उतरताना सरळ रेषेत उतरत नाही, दोन्ही बाजूंना थोडा झुलतो. वय झालेला, वजन असलेला, गुडघे दुखणारा माणूस जास्त झुलतो. कवायतीतला जवान आणि पाचव्या मजल्यावरच्या आजीबाई यांच्या जिन्याचं माप एक असू शकत नाही. नंतरच्या सरकारी चौकशीने जिन्यांची रुंदी आणि संख्या यांचा फेरविचार करायला सांगितलं, आणि नियमही बदलले.

जिन्याचं माप माझ्या घरीही एकदा अवघड प्रश्न होऊन उभं राहिलं. माझ्या थोरल्या भावाला रात्री अर्धांगाचा झटका आला. तिसरा मजला. लिफ्ट सहा माणसांची, म्हणजे साधारण एक मीटर बाय एक मीटर. स्ट्रेचर दोन मीटर लांब, ते आत जाईना. जिन्याच्या वळणावर ते फिरेना. शेवटी जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर त्यांना चादरीने बांधून चौघांनी खाली आणलं. भाभी मागून त्यांचं डोकं धरून एकेक पायरी उतरत होत्या. भाईजान वाचले, पण ते पाऊण तासाचं अंतर माझ्या मनातून गेलेलं नाही. ती इमारत तिच्या काळच्या नियमाप्रमाणे मंजूर झालेली होती. कुणी चोरी केली नव्हती. फक्त त्या नियमातला माणूस कधी आजारी पडत नव्हता, आडवा होत नव्हता, म्हातारा होत नव्हता.

तिसरी जागा न्हाणीघर आणि संडास. आपल्या संहितेत संडासाची किमान रुंदी ९० सेंटिमीटर आहे. तरुण माणसाला पुरते. ज्याला आधाराचा दांडा हवा, ज्याच्याबरोबर आत कुणी तरी धरायला हवं, त्याला पुरत नाही. आपलं बसणंच बदललं आहे. पंगती गेल्या, टेबलं आली. आमच्या मोहल्ल्याच्या मशिदीत गेल्या काही वर्षांत सफेच्या कडेला खुर्च्या मांडल्या जातात. कीर्तनाच्या मंडपातही मागे खुर्च्यांची रांग वाढली आहे. जमिनीवर बसून चटकन उठणारी अंगं कमी झाली. नमाजाच्या चटईवर एका माणसाला जेवढी जागा लागते, त्यापेक्षा खुर्चीवरच्या माणसाला जास्त लागते, म्हणजे मशिदीची आणि मंडपाचीही क्षमता बदलली. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं दहा कोटींवर होती. ही संख्या कमी होणार नाही.

चौथी जागा स्वयंपाकघर, आणि इथे वेगळाच अन्याय आहे. आपल्या आज्या चुलीपुढे पाटावर बसून रांधत. ओटा आला आणि बाई उभी राहिली. ओटा किती उंच, हे बहुधा गवंडी ठरवतो, मालक मान डोलावतो. साधारण ३२ ते ३४ इंच. उभं राहून काम करताना हात कोपराच्या थोडा खाली असावा, हा यातला नियम. पण कोपर कुणाचं? पाच फूट बाईचं कोपर आणि साडेपाच फूट बाईचं कोपर यांत जवळजवळ चार इंचांचा फरक पडतो. एकीला खांदे उचलून पोळी लाटावी लागते, दुसरीला कमरेत वाकून. दोघींचंही दुखणं डॉक्टरकडे जातं, गवंड्याकडे जात नाही. सासू आणि सून एकाच ओट्यावर उभ्या असतात, आणि नव्या पिढीची सून बहुतेक घरांत सासूपेक्षा उंच असते. घरातली किती भांडणं मुळात ओट्याच्या उंचीची असतील, कोण जाणे!

आता या सगळ्याला एक रास्त हरकत आहे. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनातल्या कुटुंबाला १९९५ च्या योजनेत २२५ चौरस फूट मिळत होते, २००८ साली २६९ झाले, २०१८ साली ३००. जिथे डोकं टेकायला जागा मिळवण्यासाठी पिढी खर्ची पडते, तिथे संडासाची रुंदी आणि लिफ्टची लांबी बोलणं म्हणजे पोट भरलेल्या माणसाच्या गप्पा नव्हेत का? मी या हरकतीवर बराच विचार केला. मला उलट वाटतं. मोठ्या घरात माप चुकलं तर माणूस बाजूने वाट काढतो. लहान घरात एक इंच चुकला तर तो रोज टोचतो. श्रीमंत माणूस आपल्या अंगाप्रमाणे घर करून घेतो, त्याला शिंपी परवडतो. गरिबाला तयार कपडा घ्यावा लागतो. म्हणून तयार कपड्याचं माप अचूक असणं, यात त्याचाच जीव गुंतलेला आहे.

शिवाय सगळीच मापं वाढवायची नसतात. यातला साधा हिशेब असा. जिथून माणसाने जायचं आहे, ते दार, जिना, बोळ, ती जागा मोठ्यात मोठ्या अंगाला पुरावी. जिथे हात पोचायचा आहे, ती फळी, कडी, विजेचं बटण, ती लहानात लहान अंगाला आणि चाकाच्या खुर्चीत बसलेल्यालाही पोचावी. जे भार पेलतं ते वजनदारांना पेलावं. कठडा उंच माणसाच्या तोलाबिंदूच्या वर हवा. उभ्या माणसाचा हा बिंदू त्याच्या उंचीच्या अर्ध्याहून किंचित वर असतो, म्हणजे सहा फुटी माणसाचा एक मीटरच्या आसपास. आणि कठड्याच्या गजांमधली फट मात्र सर्वांत लहानाच्या मापाने, लेकराचं डोकं जाणार नाही इतकी. सरासरीला यात कुठेच जागा नाही. आणि जे काम रोज तासन् तास करायचं, ते शक्य असेल तिथे वरखाली करता यावं.

या हिशेबासाठी ताजी मापवही हवी. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ साली देबकुमार चक्रवर्ती यांचं भारतीय अंगमापांचं पुस्तक काढलं. देशातल्या निरनिराळ्या भागांतल्या माणसांची प्रत्यक्ष मापं त्यात आहेत. मोलाचं काम. पण त्या वर्षी जन्मलेलं मूल आता स्वतः आई-बाप झालेलं आहे. जनगणनेत आपण डोकी मोजतो, त्याच शिस्तीने दर पिढीला एकदा अंगंही मोजावीत. आणि मोजून काढलेले नियम नुसते सल्ल्याचे नसावेत. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला, तरी इमारती सर्वांना वापरता याव्यात याबद्दलचे नियम बरेचसे शिफारशीवजा राहिले होते. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते चालणार नाही, किमान नियम बंधनकारक करा, असं केंद्र सरकारला बजावलं. चाकाच्या खुर्चीसाठी रुंद केलेलं दार स्थूल माणसाला, गरोदर बाईला, स्ट्रेचरला आणि कपाट नेणाऱ्या हमालालाही उपयोगी पडतं.

नवा नियम नव्या इमारतीला लागू होतो, जुन्या तशाच उभ्या राहतात. इमारतीचं आयुष्य साठ-सत्तर वर्षं, म्हणजे तीन पिढ्या. आज मंजूर होणारा नकाशा आपल्या नातवंडांच्या अंगावर चढणार आहे. म्हणून शिवणीत दोन बोटं कापड दाबून ठेवायला हवं. पुढे मोठी लिफ्ट बसेल एवढा चौक, पुढे दांडा ठोकता येईल अशी न्हाणीघराची भिंत, पुढे उचलता येईल असा ओटा. यांचा खर्च आज थोडा असतो, नंतर फोडाफोडीचा फार.

आज दुपारी जेवणं झाल्यावर घरात एक फीत शोधा. ओट्याची उंची मोजा, आणि मग त्यावर जी रोज राबते तिच्या कोपराची. संडासाच्या दाराची रुंदी मोजा. लिफ्टमधल्या पाटीवरचा भागाकार करा. जिन्याच्या वळणावर दोन मीटर लांबीची काठी आडवी फिरवून पाहा. आणि पुढच्या खेपेला सोसायटीच्या सभेत रंग कुठला लावायचा यावर वाद सुरू झाला, की हे चार आकडे वाचून दाखवा.